बहात्तर चौकटी

आई पडद्यावर आली, तीन सेकंद थांबली आणि गेली. दादरच्या थिएटरात मी दुपारच्या खेळाला बसलो होतो. हातात शेंगदाण्यांची पुडी होती. समोर लढाईवरून परत येणाऱ्या शिपायाची गोष्ट चालली होती आणि आमच्याच स्टुडिओचं चित्र म्हणून फुकटच्या पासावर, थोडा कंटाळत, मी ते बघत होतो. इंजिन वाफ सोडत स्टेशनात शिरलं, वाफेनं पडदा पांढरा झाला आणि त्या पांढऱ्यातून माझ्या आईचा चेहरा वर आला. डोक्यावर पदर, कपाळाला गोंदण, आणि ते डोळे. लगेच शिपाई डब्यातून उतरला. शेजारचा कोटवाला माणूस बायकोला म्हणाला, "बघ, म्हातारीला आधीच कळलंय पोरगा येतोय ते." बायकोनं नाक ओढलं. माझी आई जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि शिपाई झालेला तो नट माटुंग्याच्या खाणावळीत माझ्या समोरच्या पाटावर जेवतो. त्याची आई कोण, कुठली, मला ठाऊक नाही. मला संताप यायला हवा होता. खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की जोड चांगला बसलाय. मग गाणं सुरू झालं, पण मला ते ऐकू येईना. कारण अगदी शेवटच्या दोन चौकटींत आईचा खालचा ओठ सुटायला लागला होता. ती काहीतरी बोलायला लागली होती. अख्ख्या थिएटरात ते दुसऱ्या कुणाला दिसलं नसणार. मला दिसलं, कारण त्या जागी कात्री मीच चालवली होती.

मी कापणारा माणूस. स्टुडिओत मागच्या अंगाला एक कोंदट खोली असते. तिला कटिंग रूम म्हणतात. तिथे फिल्म कापायची आणि जोडायची. जोडायच्या डिंकाला पिकलेल्या केळ्यांसारखा वास येतो. सुरुवातीला मला तो आवडायचा, पुढे पुढे जेवणातही येऊ लागला. सेकंदाला चोवीस चौकटी धावतात, हे मी साजगावचा चौथी पास माणूस पहिल्याच दिवशी शिकलो आणि गावी जाऊन सगळ्यांना सांगून आलो. बाकीचं शिकायला तीन वर्षं गेली. शिकवणारे खांडेपारकर मास्तर. बारीक, पान खाणारे, कधी आवाज न चढवणारे. ते म्हणायचे, "चेहरा म्हणजे रिकामं भांडं, चांगो. शेजारी जे ठेवशील ते त्यात उतरतं. भांड्यानं स्वतः काही बोलायचं नाही." नट फार अभिनय करू लागला की ते वैतागायचे आणि त्याचे सगळे हातवारे कापून टाकायचे. गोष्ट माणसं सांगत नाहीत, दोन तुकड्यांमधली फट सांगते, हे त्यांनी मला फिल्मच्या ज्या पट्टीवर शिकवलं ती पट्टी माझ्या आईची होती. त्यांना ते माहीत होतं. त्यात त्यांचा दुष्टपणा काहीच नव्हता. मीच ती मोठ्या हौसेनं टेबलावर ठेवली होती.

ती पट्टी त्रेचाळीस सालची. जास्त धान्य पिकवा म्हणून सांगणारी एक छोटी फिल्म आमच्या स्टुडिओला करायची होती आणि भातशेतीचं गाव हवं होतं. मी पुढे होऊन म्हणालो, आमचं साजगाव घ्या, डोंगर आहे, नदी आहे, वर घाटातून उतरणारे पॉवर हाऊसचे नळ आहेत. खोपोलीला उतरून आम्ही बैलगाडीत सामान घातलं तेव्हा मला कोण अभिमान वाटला होता! कॅमेरामन कर्णिक वाटभर त्या नळांकडे बघत होते. म्हणाले, "मुंबईच्या थिएटरांतला दिवा ह्याच पाण्यावर जळतो बरं का." आमच्या घरात रॉकेलची चिमणी होती, हे मी त्यांना सांगितलं नाही. अंगणात पोचलो तर आई दारातच उभी. मी सहा महिन्यांनी येत होतो. तिच्या एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्यात पाण्याचा तांब्या. लांबून आलेल्या माणसावरून तुकडा ओवाळून टाकल्याशिवाय आमच्यात उंबरा ओलांडू देत नाहीत. मी थांबलो. माझ्या डाव्या हाताला कर्णिकांनी तीन पायांवर कॅमेरा उभा केला होता, वर काळं कापड टाकून. आई दोन पावलं पुढं आली आणि तिनं तो तुकडा त्या कॅमेऱ्यावरून ओवाळला. तीनदा. वर पाणी फिरवलं आणि तुकडा बाजूला फेकला. सगळे पोट धरधरून हसले. कर्णिक तर खालीच बसले. मीही हसलो. सर्वांत मोठ्यानं मीच हसलो असेन, कारण गावंढळ आईची लाज त्या हसण्यात बुडवायची होती. आईही हसली, जरा उशिरा. पुढे तीन वर्षं ही गंमत मी स्टुडिओच्या कॅन्टीनमध्ये सांगत असे. आमच्या आयेनं पोराला सोडून कॅमेऱ्याची दृष्ट काढली! नवा माणूस आला की कुणीतरी म्हणायचंच, चांगो, ते कॅमेऱ्याचं सांग की. आणि मी उठून, हातात बशी घेऊन, आईची नक्कल करून दाखवायचो.

त्याच दुपारी ती पट्टी निघाली. खळ्यावर भाताची झोडणी चालली होती आणि कर्णिकांना एक चेहरा हवा होता. मी म्हणालो, आमची आये आहे. तिला खांबाशी उभी केली. मी चंदेरी पत्रा धरून ऊन तिच्या तोंडावर टाकत होतो. हे काम अवघड. समोरचा माणूस डोळे मिचकावतो, हात आडवा घेतो, भले भले नट कुरकुर करतात. आईनं पापणीसुद्धा हलवली नाही. कर्णिक हळूच म्हणाले, "जातिवंत आहे रे तुझी आई. तिला सांग, भिंगात बघायचं नाही. तुझ्याकडे बघू दे." मी ओरडलो, "आये, माझ्याकडं बघ. हिकडं." ती वळली. तिची नजर माझ्यावर आली, म्हणजे माझ्यावर नव्हे, माझ्या खांद्याच्या जरा बाजूला, जणू माझ्यामागून कुणी येत होतं. यंत्र घरघरत होतं. तिचे ओठ हलले. मी पुन्हा ओरडलो, "बोलू नको आये. निस्ती बघ." ती गप्प झाली. एवढंच. पुढे कटिंग रूममध्ये मास्तर त्या नजरेवर खूश झाले. म्हणाले, "बघ, समोर बघून समोरचं बघत नाही. पलीकडचं बघतेय. हे शिकवून येत नाही." मग बोट ठेवून म्हणाले, "इथे काप. ओठ हलायच्या आत. बोलणारा चेहरा एकाच गोष्टीत चालतो, गप्प चेहरा कुठेही चालतो." मी कापलं. बहात्तर चौकटी राहिल्या. उरलेला, बोलणारा तुकडा मी खालच्या गोणपाटात टाकला. तेव्हा लढाईमुळे कच्च्या फिल्मवर कंट्रोल होता. आमच्याकडे कामाचा इंचसुद्धा फुकट जात नसे आणि बिनकामाचं गोणपाट दर महिन्याला कुर्ल्याचा एक माणूस घेऊन जायचा. गरम पाण्यात घालून वरची चित्रं धुऊन काढायची आणि खालच्या कचकड्याच्या बांगड्या करायच्या, असा त्याचा धंदा होता.

त्या पट्टीनं मला धंदा शिकवला, हे नाकारून चालणार नाही. आधी ती भाताच्या राशीनंतर लावली, आणि आई तृप्त दिसली. पुढच्या वर्षी एका पुराच्या चित्रात बुडणाऱ्या झोपडीनंतर लावली. तोच चेहरा, तेच डोळे, पण आता आई शोकात बुडालेली दिसली. मास्तर माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "आता आलं लक्षात?" आलं. इतकं आलं की मी रस्त्यानं चालतानाही माणसं जोडू लागलो. ट्राममधून उतरणारी बाई आणि बंद खिडकी, भिकारी आणि मिठाईचं दुकान. दोन्ही वेळा पट्टीचा शेवट दुसऱ्या चित्रात विरघळवला होता, म्हणून त्या राहून गेलेल्या दोन चौकटी दिसल्या नव्हत्या. शिपायाचं चित्र मास्तरांनी माझ्याविना जोडलं आणि तिथे पट्टी सरळ लावली. मधल्या काळात आई गेली. चव्वेचाळीसच्या वैशाखात तार आली, विहिरीवर पाय घसरला. मी पोचलो तो तिसरा दिवस होता. गावातले लोक बोलले, फोटो तरी आहे का तिचा? मी म्हणालो, आहे, मुंबईला आहे, हलणारा आहे. केवढ्या तोऱ्यात म्हणालो असेन! ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. रडू आलं नाही. गाडीत बसल्यावर येईल म्हणून वाट पाहिली, पळसदरी गेलं, कर्जत गेलं, नाही आलं. नंतर मी स्वतःची समजूत घातली की आपल्याकडे ती पट्टी आहे ना, तिच्यात ती आपल्याकडे बघतेय, आपल्याकडेच. जगातल्या कुणाही मुलाकडे नसेल एवढं आपल्याकडे आहे.

आणि आता तो ओठ. थिएटरातून बाहेर आलो तरी माझ्या डोळ्यांपुढं तो सुटत होता. दुसऱ्या दिवशी मी पट्टी यंत्रात घातली आणि हातानं फिरवली. एकाहत्तर, बहात्तर. परत. एकाहत्तर, बहात्तर. ओठ फाकायला लागतो आणि पांढरं. मी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून तसा आकार करून बघितला. पाणी? ऊन? जेवलास का? कुठलाही शब्द त्या आकारातून निघू शकत होता. सगळ्यांनी तिच्या तोंडी आपापलं घालून घेतलं होतं, तृप्ती, शोक, वाट बघणं, आणि तिचं स्वतःचं जे काही होतं ते मी गोणपाटात टाकलं होतं. आई जिवंत असताना तिनं मला काय सांगितलं ह्याची मी कधी पर्वा केली नव्हती. आता त्या एका वाक्यावाचून मला जेवण जाईना. मास्तरांना विचारलं, तर ते पान चघळत म्हणाले, "काय बोलणार? उन्हात उभं केलं म्हणून कातावली असेल. तू फार आत शिरतोस." मी रजा टाकली.

कर्जतहून खोपोलीची गाडी मिळाली. कार्तिक सरत आला होता. कापलेल्या भाताचे बुडखे, मधूनच भाताच्या भाऱ्यांच्या उडव्या, आणि डोंगराच्या पोटावरून उतरणारे ते नळ. सगळं जसंच्या तसं. मला मात्र ते नुसतं दिसत नव्हतं, मी त्याचे तुकडे करत होतो. नळ, मग बाई. उडवी, मग बैल. कुठं कापावं ह्याशिवाय माझ्या डोक्यात दुसरं काही येईनासं झालं होतं आणि त्याची मला किळस आली. माझी थोरली बहीण अंबू आमच्या शेजारच्याच घरात दिलेली. आईचं सगळं तिनंच केलं. ती ओट्यावर सुक्या बोंबलांची डोकी मोडत बसली होती. जत्रा नुकतीच होऊन गेली होती, अख्ख्या गावाला बोंबलांचा वास होता. तिच्या हातात नव्या, लाल कचकड्याच्या बांगड्या होत्या. मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"जत्रंतल्या हायत," ती म्हणाली. "फुटत नाय म्हनं. बस की रं, असा उबा का?"

"ताय, एक इचारायचंय. भाताच्या वक्ताला मी ती मानसं घेऊन आलो व्हतो, आयेला खांबाशी उबी केली. तू पाठीच व्हतीस ना?"

"व्हते की."

"ती कायतरी बोलली. काय बोलली गं?"

अंबूनं हातातला बोंबील खाली ठेवला. "तुला नाय ऐकू आलं?"

"मशीन चालू व्हती."

"मशीनचं नको सांगू. तूच वरडलास तिच्यावर, बोलू नको म्हून." तिनं मांडीवरचा चुरा झटकला. मग म्हणाली, "ती म्हनली, चांगो, कुठं हायस रं?"

मला हसू आलं. अक्षरशः हसू आलं. "मी फुडंच व्हतो, ताय. दोन हातांवर."

"तिला कुठं दिसत व्हतं?"

अंबू खाली बघत सांगू लागली.

"आदल्या साली शिमग्यापास्नं कमी झालं, नि पावसाळ्यात गेलंच. दोनी डोळ्यांचं. घरातल्या घरात पावलं मोजून चालायची. तू यायचा म्हटलं की मला सांगायची, चुलीपासनं दारापातूर सगळं जागच्या जागी ठेव. तुला कळू नको द्यायचं. शपथ घातली व्हती मला गळ्याची."

"का पन?"

"कळलं तर तू मुंबई सोडशील म्हून. म्हनायची, माज्या लेकाला लोकांना दावायचं काम गावलंय, तो करू दे. आमच्या घरात एकाला तरी नीट दिसू दे." अंबूनं पदरानं तोंड पुसलं. "त्या दिशी तुकडा ओवाळला तो तुज्यावरनंच. तुजा आवाज त्या अंगाला ऐकला तिनं. तुमी समदी हसलात, तवा तिला कळलं. रात्री जेवली नाय. म्हनली, पोराच्या मानसांफुडं हसं झालं त्याचं, आपल्यापायी."

"नि इहिरीवर?"

"वाट चुकली. पाय नाय घसरला. तारंत तसं घाल म्हून मीच बोलले." आणि मग, मी विचारलं नव्हतं तरी, "तू दोन दीस ऱ्हायला असतास तर कळलं असतं रं. तू यायचास नि चहा पिऊन दुसऱ्या गाडीनं जायचास."

हे तिनं रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती पुन्हा बोंबील मोडू लागली, आणि बांगड्या एकमेकींवर आपटून कचकड्याचा तो बसका आवाज येत राहिला. मी आठवू लागलो. शेवटी शेवटी आई माझ्या तोंडावरून हात फिरवायची, कपाळ, गाल, हनुवटी, आणि मी म्हणायचो, पुरे गं आये, लहान हाय का मी. भातात खडे लागायचे. मी चिडायचो. एकदा नवं लुगडं नेलं तर तिनं विचारलं, रंग कोनता रं? मी सांगितलं, हिरवा, दिसत नाय का? माणसांच्या चेहऱ्यांवर पोट भरणारा मी, चौकट न् चौकट मोजणारा, आणि उन्हाच्या झोतात न मिचकावलेले ते डोळे मी शेकडो वेळा यंत्रात थांबवून बघितले होते. दोन्ही डोळ्यांत माझ्या पत्र्याचा एकेक चौकोनी तुकडा चमकतो. मास्तर त्या चमकेला जीव म्हणायचे. मीही म्हणायचो. ती माझ्याकडे बघतेय ह्यावर मी दोन वर्षं काढली होती, आणि ती मला शोधत होती. आणि मी तिला गप्प बस म्हटलं. परतताना कर्जतला गाडी बदलायला मी फलाटावर बसलो आणि तिथे रडलो. लोक बघत होते. बघोत.

मुंबईत आलो तो शनिवार होता आणि चित्र दादरला अजून लागलेलं होतं. तिकीट काढलं. तीनचा खेळ. मला नक्की काय करायचं होतं ते आता धड सांगता येणार नाही. माणूस देवळात जाऊन दगडापुढं बोलतो, तसं काहीसं. तिनं विचारलं होतं, उत्तर कुणी दिलं नव्हतं, एवढंच डोक्यात होतं. इंजिन शिरलं. वाफ पसरली. मी खुर्चीचे हात धरले, आई वर आली, आणि मी तोंड उघडेपर्यंत ती गेली. तीन सेकंद म्हणजे किती थोडे, हे मला त्या दिवशी कळलं. मीच कापलेले. उरलेलं चित्र मी पाहिलं नाही, मान खाली घालून बसलो. बाहेर येऊन पुन्हा रांगेत उभा राहिलो आणि सहाच्या खेळाला गेलो. ह्या वेळी आधीपासून तयार होतो. वाफ दिसताच उठून उभा राहिलो. मागून कुणीतरी खेकसलं. आई आली. डोळे माझ्या खांद्याच्या जरा बाजूला. ओठ सुटायला लागला आणि मी होतं नव्हतं तेवढ्या आवाजानं ओरडलो, "आये, हितं हाय मी!"

पण एवढं वाक्य म्हणायला सेकंदभर लागतोच. मी म्हणेपर्यंत आई गेलेली होती आणि पडद्यावर शिपाई डब्यातून उतरत होता, हात पसरून. माझं वाक्य नेमकं त्याच्या तोंडावर पडलं. मग पुढच्या रांगेत एक बाई हुंदका देऊन रडली, आणि तिच्यामागोमाग स्वस्तातल्या पिटातून टाळ्या सुरू झाल्या. शेजारचा म्हातारा माझ्या हाताला धरून खाली बसवत म्हणाला, "वा, काय वेळेवर बोललात!"

मी खाली बसलो. जोड चांगला बसला होता.